ऑक्टाव्हिया व्हीआरएस वळणात नाक बाहेर काढते: स्प्रिंग बदलू की आधी आणखी काही?

ताम्हिणीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१८ची. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, सहा गिअरची डीएसजी (आपोआप गिअर बदलणारी). मी दुसरा मालक. ऐंशी हजारांच्या पुढे चाललीय. एरवी कोथरूड ते हिंजवडी, आणि सुट्टी मिळाली की ताम्हिणीतून खाली कोकणात, नाहीतर पसरणी घाटातून पाचगणी. सोबत बहुतेक वेळा बायको, मुलगी आणि डिकीत त्या दोघींचं सामान.

इंजिनाबद्दल तक्रार शून्य. तक्रार वळणांची आहे. घाटातल्या आखूड वळणात स्टिअरिंग वळवल्यावर नाक ऐकत नाही, बाहेरच्या कडेला सरकत जातं. डाव्या वळणात हे जास्त, उजव्यात कमी. वळणाच्या मध्ये खड्डा किंवा डांबराचा उंचवटा आला की मागची बाजू दोनदा उडी मारते आणि मग जागेवर बसते. शिवाय गाडी कलते फार, मुलगी मागे "बाबा, हळू" म्हणते.

दोन गॅरेजांत विचारलं. दोघांनीही गाडी न चालवता एकच सांगितलं: गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाका, जमिनीला चिकटेल. एकाने पुढे जाऊन कॉइलओव्हरचा (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र) पूर्ण संच सुचवला. पैसे घालायची तयारी आहे, पण आमच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक हिमालयाच्या जातीचा आहे आणि गाडीत घरचे बसतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला

कन्या "हळू" म्हणते आहे. सर्वांत स्वस्त उपाय तिनेच सांगितलाय, तोही फुकट. बाकीच्यांनी सल्ले द्यायला हरकत नाही.

पाना१३

ताम्हिणीकर, स्प्रिंगचं नंतर बघू. माझी नोकरी गाड्यांच्या सस्पेन्शनवरच गेली, आता निवृत्त आहे, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड आहे. उत्तरं मिळाल्याशिवाय औषध सांगत नाही.

टायर कोणत्या सालचे? बाजूच्या भिंतीवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायरांचे बघा. हवा किती भरता आणि कधी तपासता? पेट्रोलच्या झाकणाच्या आत दाबाची पाटी आहे, ती वाचलीय का? शेवटचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कधी केलं आणि त्याचा छापील कागद आहे का? कागद नसेल तर ते अलाइनमेंट झालंच नाही असं धरा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्यावर राहतं का? आणि पुढच्या टायरच्या रबरावरून तळवा आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागतं का?

डाव्या आणि उजव्या वळणात फरक पडतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. स्प्रिंग मऊ असत्या तर दोन्हीकडे सारख्याच मऊ असत्या.

पेठेतला

काका, एक शंका. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डावं वळण आपल्या वाट्याला आतल्या बाजूने येतं, म्हणजे आखूडच. उजवं बाहेरून, मोकळं. मग फरक रस्त्याचा असेल, गाडीचा कशावरून?

पाना१३

शंका रास्त. म्हणूनच कागद मागितला. चांदणी चौकातल्या किंवा कुठल्याही पुलाच्या गोल रॅम्पवर दोन्ही बाजूंना सारख्याच वेगाने फिरवून बघितलं तरी कळेल, पण कागदावर जे दिसेल त्याला वाद नाही.

स्वरा_लॉरा

माझ्याकडे आधी लॉरा होती, आता ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आहे. मागचं सस्पेन्शन तुमच्यासारखंच मल्टिलिंक, म्हणजे मागचं प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी स्वतंत्र धरलेलं. मी मागचा अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं आवरणारी दांडी) जाडा बसवून घेतला आणि तो बदल अजूनही आवडतो. पण मलाही आधी टायर आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) करून घ्यायला लागले होते, म्हणून काका विचारताहेत त्याची उत्तरं द्याच.

लोअरिंग स्प्रिंगबद्दल: पुण्यात राहत असाल तर नको. गल्लीतले गतिरोधक कोण कुठल्या मापाने घालतं ते ब्रह्मदेवाला माहीत. माझ्या मैत्रिणीच्या गाडीचं इंजिनाखालचं प्लास्टिक तीनदा शिवून झालंय. तिला पार्किंगचा उतार तिरका उतरायची इतकी सवय झालीय की आता स्कूटरसुद्धा तिरकी उतरवते.

ताम्हिणीकर

सर्वांचे आभार. शनिवारी सकाळ त्यातच गेली. उत्तरं अशी:

चारही टायर १११९ म्हणजे २०१९च्या अकराव्या आठवड्यातले, २२५/४५ आर१७. नक्षी अजून तीन मिलिमीटर आहे म्हणून मागच्या मालकाने ठेवले असावेत. पुढच्या दोन्ही टायरना आतल्या कडेला करवत लागते, डाव्याला जास्त. हवा पंपावरचा मुलगा सगळीकडे ३५ भरतो. पाटीवर एकट्या-दुकट्यासाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा आहे, हे आज पाहिलं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागतं.

अलाइनमेंटचा नवा कागद काढून आणला, दुरुस्ती काही न करता नुसतं मोजमाप (टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर किती वळलंय, कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर ते किती तिरकं आहे, उणे म्हणजे वरची कड आत; ′ म्हणजे मिनिट, अंशाचा साठावा भाग):

पुढे टो डावं ०°१४′, उजवं ०°०२′ (दोन्ही आत). पुढे कॅम्बर दोन्हीकडे साधारण उणे अर्धा अंश.
मागे टो डावं ०°०५′, उजवं ०°२०′ (दोन्ही आत). मागे कॅम्बर डावं उणे १°२०′, उजवं उणे २°०५′.

दुकानदार म्हणाला, "पुढचं हिरव्यात (म्हणजे ठरलेल्या हद्दीत) आणून देतो, मागचं काही होत नसतं."

पाना१३

आता बोलता येईल. जरा मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या दुकानदाराचं वाक्य. तुमच्या गाडीला मागे मल्टिलिंक आहे आणि त्यात टो आणि कॅम्बर दोन्हींसाठी एक्सेन्ट्रिक बोल्ट दिलेले आहेत. फिरवले की माप बदलतं. ऐंशी हजार किलोमीटर पुण्याचं पाणी-चिखल खाऊन ते गंजून धरलेले असतात, म्हणून "होत नसतं". गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवलं की बहुतेक वेळा होतं. आणि अलाइनमेंट नेहमी मागून सुरू करायचं. गाडी कुठल्या रेषेत धावणार ते मागची चाकं ठरवतात. ती वाकडी ठेवून पुढचं हिरव्यात आणलं तर स्टिअरिंग सरळ दिसेल, गाडी मात्र तिरकी धावत राहील.

तुमचा कागद तेच सांगतोय. मागचं उजवं चाक वीस मिनिटं आत वळलेलं, म्हणजे त्याचं तोंड डावीकडे. डावं फक्त पाच मिनिटं. गोळाबेरीज केली तर मागचा अॅक्सल गाडीची शेपटी डावीकडे ढकलतोय, त्यामुळे नाक उजवीकडे जातं आणि ते सरळ ठेवायला तुम्ही स्टिअरिंग डावीकडे धरता. जुळलं?

आता डावं वळण घ्या. भार बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकांवर येतो. मागचं उजवं चाक आधीच वळणाच्या आत तोंड करून बसलंय आणि कॅम्बरही त्याचाच जास्त. त्याची पकड दणकट. मागची बाजू अशी घट्ट बसली आणि पुढची साधारण असली की नाक बाहेर जाणारच. उजव्या वळणात भार मागच्या डाव्या चाकावर, त्याचं टो-कॅम्बर माफक, म्हणून तिथे गाडी जास्त मोकळी वळते. पेठेतल्यांनी म्हटलेला रस्त्याचा भागही त्यात आहे, पण सगळा नाही.

दुसरं टायर. नक्षी तीन मिलिमीटर आहे हे खरं, आणि कायद्याची खूण १.६वर असते हेही खरं. पण रबर उन्हाने आणि उष्णतेने कडक होत जातं. नखाने दाबून बघा. पुण्याच्या उन्हात उघड्यावर उभ्या गाडीचा टायर सहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही असो, पावसात त्याच्यावर भरवसा नको. आणि ताम्हिणीला पाऊस किती पडतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

तिसरं हवा. ३५ सगळीकडे हा पंपावरच्या मुलाच्या सोयीचा आकडा आहे. पाटीवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. हिंजवडीहून परत येताना पंपावर थांबून मोजलात तर टायर तापलेला, आकडा तीन-चार पीएसआय जास्त दाखवणार. स्वतःचा गेज घ्या, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा. घरचे आणि सामान असेल त्या दिवशी भरलेल्या गाडीचा आकडा.

चौथं, तुम्ही सांगितलेली मागची उडी. उंचवट्यावर दोनदा उडते म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर स्प्रिंगला आवरत नाहीये. बॉनेट दाबून सोडायची जुनी परीक्षा आताच्या गाड्यांत फारसं काही सांगत नाही. गाडी लिफ्टवर घ्या, मागच्या शॉकच्या अंगावर तेलाचा ओला थर आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसते का बघा. टायरच्या नक्षीत ठरावीक अंतराने खोलगट चट्टे दिसत असतील तर खात्री समजा.

लिफ्टवर आहेच तर पुढच्या लोअर आर्मचं (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचं) मागचं मोठं बुश पहारीने हलवून बघायला सांगा. खड्ड्यांत पहिला बळी तेच जातं. रबर फाटलं की ब्रेक दाबताना चाक मागे सरकतं आणि टो आपोआप बदलतो. तुमच्या डाव्या टायरला करवत जास्त आहे, म्हणून मला डाव्या बाजूचा संशय आहे.

एवढं सगळं होईपर्यंत स्प्रिंग, कॉइलओव्हर, रिम, काही घेऊ नका. आत्ता तुम्हाला गाडीचा मूळ स्वभावच माहीत नाही. तो माहीत नसताना बदल केला तर चांगला झाला की वाईट, कशाशी ताडून बघणार?

नळस्टॉप

अवांतर होतंय, माफी. माझी व्हर्टस जीटी, १.५ टीएसआय. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच आडवी तुळई). मलाही मागचं टो-कॅम्बर करून मिळेल का?

पाना१३

नाही, तुमच्या बीमला तसे बोल्ट नाहीत. कागदावर मागचं माप फारच बिघडलेलं दिसलं तर बीम वाकलाय का, बीमचे बुश गेलेत का ते बघायचं. चाकाच्या हबमागे पातळ शिम घालून माप सुधारतात, पण ते करणारे हात कमी. तुम्ही टायर चांगले घ्या, २०५/५५ आर१६ मध्ये भरपूर पर्याय आहेत.

खाली_बसलेली

सगळं मान्य, पण एवढं बुश-बुश करण्यापेक्षा लोअरिंग स्प्रिंगने फरक लगेच कळतो. गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, कलणं कमी, संपला विषय. माझी गाडी तीस मिलिमीटर खाली आहे, दिसतेही देखणी. गतिरोधकाची भीती घालणारे लोक गाडी चालवत नाहीत, जपतात.

पाना१३

देखणी दिसते यावर वाद नाही. बाकी थोडा आहे.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात) आहे. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर लोअर आर्मच्या कोनावर ठरतो. गाडी तीस मिलिमीटर खाली आणली की आर्म आडवे होतात किंवा उलटे वर तिरपतात आणि रोल सेंटर तीसपेक्षा बराच जास्त खाली जातो. म्हणजे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांतलं अंतर वाढतं, आणि कलण्याची तरफ त्या अंतराएवढी असते. कलणं कमी झालेलं तुम्हाला जाणवतं ते नव्या स्प्रिंग कडक आहेत म्हणून, खाली बसल्यामुळे नव्हे. मिळालेल्या कडकपणातला काही भाग तर ही वाढलेली तरफच खाऊन टाकते.

शिवाय शॉकची धाव तेवढी कमी होते. खड्ड्यात चाक वर आलं की रबरी बंप स्टॉपवर आपटतं, आणि त्या क्षणी त्या चाकाची स्प्रिंग एकाएकी दगडासारखी कडक. वळणात पुढच्या बाहेरच्या चाकाला हे झालं तर पकड तिथेच सुटते. गुळगुळीत ट्रॅकवर हा प्रश्न कमी. पौड सोडून मुळशीच्या पुढे गेलात की रोजचा. व्हीआरएस साध्या ऑक्टाव्हियापेक्षा कारखान्यातूनच थोडी खाली आणि कडक येते, त्यांनी धाव आणि कडकपणा यांचा हिशोब आधीच केलेला आहे.

स्प्रिंग बदलणारच असाल तर जोडीला तिच्या कडकपणाला आवरणारा शॉक हवा. जुन्या थकलेल्या शॉकवर कडक स्प्रिंग म्हणजे ताम्हिणीकरांची उडी दुप्पट.

खाली_बसलेली

माझे शॉक नवे आहेत. पण रोल सेंटरचा मुद्दा माहीत नव्हता, वाचून बघतो.

कायद्याचं_बोला

इथे सगळे तांत्रिक बोलताहेत, एक कोरडा मुद्दा माझ्याकडून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते स्पष्ट केलंय. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच प्रकारचा नवा भाग घालणं ही देखभाल, तिची चिंता नको. कॉइलओव्हर, मापाबाहेरचे रिम, बाहेर डोकावणारे टायर यांचं मात्र अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक आला की काय होईल, याचा विचार आधी करा. जाडा अँटी-रोल बारही बदलच आहे, तो कुणाला दिसत नाही एवढाच फरक. कंपनीला लेखी कळवलेलं बरं.

पेठेतला

कायदा वाचून घाम फुटला. आमची १९९८ची एस्टीम मूळ तपशिलात आहे, कारण तिच्यात बदल करण्याइतका भाव तिला उरलेला नाही.

रॅलीकर

बारक्या स्पर्धांमध्ये गाडी चालवतो, पूर्वी रॅलीत शेजारी बसून नकाशा वाचायचो. चालवण्याबद्दल थोडं.

एक गणित करून बघा. वळणाची त्रिज्या पंधरा मीटर, कोरडं डांबर, पकडीचा गुणांक ०.९. जास्तीत जास्त वेग साधारण ४१ किमी निघतो. आता भारी टायर, बार, सगळं करून पकड दहा टक्के वाढवली असं धरू. वेग वर्गमुळात वाढतो, म्हणजे ४३. एवढ्या खर्चाने दोन किलोमीटर! आणि ओल्या रस्त्यावर गुणांक ०.५ धरला तर तोच आकडा ३१वर येतो. रस्ता ओला झाल्याने जे जातं ते कुठल्याही सुट्या भागाने परत येत नाही.

म्हणून घाटात गाडी सुधारायची ती वेगासाठी नसते. स्टिअरिंग फिरवल्यावर काय होणार ते आधी कळावं, यासाठी असते. ताम्हिणीकर, तुम्ही वळणात शिरताना ब्रेक कधी सोडता? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, पुढे जड गाडीत बहुतेकांचं नाक बाहेर जातं ते उशिरा ब्रेक मारून वेग जास्त ठेवून शिरल्यामुळे, किंवा वळण पूर्ण व्हायच्या आधी अॅक्सिलरेटर दाबल्यामुळे. टायरची पकड एकच असते. ती ब्रेकला दिली तेवढी वळायला कमी, इंजिनाला दिली तेवढीही कमी. ३५० न्यूटन मीटर दोन पुढच्या चाकांवर सोडून शिवाय वळायलाही त्यांनाच लावायचं म्हणजे त्यांनी करायचं किती?

ब्रेकचं मुख्य काम सरळ रेषेत संपवा. पुढे थोडा भार राहील इतपत अगदी हलका ब्रेक ठेवून स्टिअरिंग वळवा आणि मग सोडत जा. नाक आत येईल. अॅक्सिलरेटर बाहेर पडण्याचा रस्ता दिसल्यावर. आणि नजर बॉनेटसमोर नको, वळणाच्या पलीकडे. आपल्या घाटात पलीकडून एसटी आपली लेन घेऊन येतेय हे त्यामुळे आधी कळतं, हा फायदा पकडीपेक्षा मोठा.

गाडीची खरी हद्द बघायची असेल तर ट्रॅकवर जा. पसरणीत नको, लवासाच्या रस्त्यावर रविवारी सकाळी तर मुळीच नको. आपली पंचाईत अशी की चाकणला एवढे कारखाने, वेताळ टेकडीला एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था, आणि पैसे भरून आपली गाडी पळवायची तर बहुतेक वेळा कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे नाहीतर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठायचा.

जाता जाता: ब्रेक फ्लुइड कधी बदललं? डॉट ४ प्रकारचं फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर मानकातला आकडा १५५ आहे. पाचगणीहून वाईला उतरताना पेडल मऊ लागलं तर कारण ते. दोन वर्षांनी बदलायचंच.

ताम्हिणीकर

रॅलीकर, ब्रेकचं वर्णन वाचून बायको म्हणाली, "हे तर तुझंच वर्णन आहे." पुढे काही बोलत नाही.

प्रगती सांगतो. लिफ्टवर डाव्या लोअर आर्मचं मागचं बुश अर्धं फाटलेलं निघालं, काकांचा संशय बरोबर. मागचे दोन्ही शॉक पाझरलेले. दोन्ही बाजूंचे बुश, पुढच्या लिंक रॉड, मागचे शॉक मूळ प्रकारचेच नवे घातले. नाना पेठेत स्वस्तात बुश मिळत होते, पण खोका एका नावाचा आणि आतला माल दुसऱ्या नावाचा दिसला म्हणून घेतले नाहीत. टायर चारही नवे, त्याच मापाचे, पायलट स्पोर्ट ४. अलाइनमेंट अजून बाकी.

एक प्रश्न. मेकॅनिक बुश दाबून बसवल्यावर बोल्ट लिफ्टवरच आवळत होता. चाकं लोंबकळत असताना. बरोबर आहे का?

पाना१३

नाही! हे विचारलंत म्हणून तुम्हाला शंभर मार्क. ही चूक जागोजागी होते आणि मग लोक म्हणतात नवं बुश वर्षभरात गेलं, माल खराब.

रबराचं बुश बोल्ट आवळलेल्या स्थितीत धरून ठेवतं आणि तिथून दोन्ही बाजूंना पिळतं. लोंबकळत आवळलं तर गाडी जमिनीवर येताक्षणी ते कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची किंवा हबखाली जॅक लावून चाक तितकंच वर उचलायचं, आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. उद्याच परत नेऊन सैल करून घ्या आणि गाडी उभी असताना पुन्हा आवळून घ्या. आणखी एक, या गाड्यांत सस्पेन्शनचे बरेच बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर ठरावीक कोनात फिरवायचे असतात. ते ताणले जातात, एकदाच वापरायचे. नवे मागा.

अलाइनमेंटसाठी माझं मत: मागे टो दोन्हीकडे सारखं, दहा मिनिटांच्या आसपास आत. मागचा कॅम्बर दोन्हीकडे सारखा, उणे सव्वा ते दीडच्या मध्ये. पुढे टो जवळपास शून्य, किंचित आत. पुढचा कॅम्बर मूळ स्ट्रटवर फारसा बदलता येत नाही, पण सबफ्रेम (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) सैल करून सरकवली तर डावा-उजवा समान करता येतो. तुमचा समानच आहे, हात लावू नका. शेवटी स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर संगणक लावून शून्यावर आणायला सांगा, नाहीतर ईएससीला (गाडी घसरू लागली की सावरणाऱ्या यंत्रणेला) वाटेल तुम्ही कायम वळताय.

स्वरा_लॉरा

आणि डिकी नेहमी भरलेली असेल तर अलाइनमेंटच्या वेळी टाकी निदान अर्धी आणि डिकी रिकामी असं काहीतरी ठरवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कागद ताडून बघता येईल. दुकानदार हसेल. हसू द्या.

ताम्हिणीकर

झालं. मागचे एक्सेन्ट्रिक सोडवायला दुसरं दुकान शोधावं लागलं, तिथल्या माणसाने तेल मारून गाडी रात्रभर ठेवून घेतली. नवा कागद: मागे टो ०°१०′ आणि ०°११′, कॅम्बर उणे १°२५′ आणि १°३०′. पुढे टो ०°०२′ आणि ०°०३′. स्टिअरिंग मध्यावर.

रविवारी पहाटे वाई-पाचगणी करून आलो. डावं-उजवं सारखं वाटतंय. उडी गेली. गाडी आधीइतकीच कलते, पण एकदा कलली की तिथे स्थिर राहते, त्यामुळे मागे बसलेल्यांना त्रास नाही. आखूड वळणात नाक अजून थोडं बाहेर जातं, रॅलीकरांनी सांगितल्याप्रमाणे हलका ब्रेक ठेवला की कमी.

आता हे उरलेलं थोडं घालवण्यासाठी मागचा बार बसवावा का? स्वराताई, तुमचा अनुभव सविस्तर सांगाल?

स्वरा_लॉरा

फरक पहिल्या वळणात कळतो. स्टिअरिंग वळवलं की मागची बाजू पाठोपाठ येते, नाक ओढून न्यावं लागत नाही. तोटेही सांगते. एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्या बाजूलाही धक्का पोचतो, मागे बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. पावसात वळणाच्या मध्ये घाबरून पाय एकदम उचलला तर शेपटी हलकी होते. ईएससी सावरतं, पण पोटात गोळा येतो. बारच्या टोकाला जोडणीची दोन भोकं आहेत, एक कडक आणि एक मऊ; मी मऊ भोकावरच ठेवलाय. जोडीला बारचे बुश ग्रीस लावून बसवून घ्या, नाहीतर गतिरोधकावर कुईकुई.

पाना१३

स्वराताईंनी नेमकं सांगितलं. थोडी भर घालतो.

वळणात आतून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जातो, हे गाडीचा गुरुत्वमध्य, चाकांमधलं अंतर आणि वळण्याचा जोर ठरवतात. बार ते बदलत नाही. तो भार पुढे किती आणि मागे किती घ्यायचा, एवढंच बदलतो. मागे जास्त घेतला की पुढची दोन चाकं जास्त सारखी दाबली जातात, त्यांची पकड वाढते. मागची थोडी कमी होते. म्हणून नाक आत येतं. हेच कारण पुढचा बार जाडा करू नये म्हणून सांगायला पुरेसं आहे. कलणं कमी होईल आणि नाक आणखी बाहेर जाईल.

बार निवडताना जाडीतला फरक लहान समजू नका. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. १९ मिमीच्या जागी २२ मिमी घातला तर तीन मिलिमीटरने तो जवळपास ऐंशी टक्के कडक होतो. घरचे मागे बसतात म्हणता, तर मऊ भोक, आणि पावसाळा संपेपर्यंत घाई नको. नव्या टायरची सवय आधी होऊ दे.

ताम्हिणीकर

ठरलं तर. बार दसऱ्यानंतर, मऊ भोकावर, विमा कंपनीला कळवून. कॉइलओव्हरवाल्या गॅरेजला आज नको म्हणून सांगितलं, ते म्हणाले निदान स्पॉयलर तरी लावून घ्या.

पेठेतला

सोसायटीच्या गतिरोधकाचं काय झालं? त्याचं अलाइनमेंट कोण करणार?

ताम्हिणीकर

सचिवांना अर्ज दिलाय. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक ९, रंगकाम आणि कुत्र्यांच्या नंतर.